भंगारातून आर्ट करताय? गोव्यात राहत असाल तर या चुका टाळा

२०१६ पासून, कोविडची वर्षं सोडली तर, दर डिसेंबरला पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो. तो बघून आलं की घरोघर बाटल्या, झाकणं, करवंट्या, मासेमारीची फाटकी जाळी असं काय काय जमायला लागतं, आणि हे मला मनापासून आवडतं. पण जून लागला की त्यातलं बरंचसं गंजतं नाहीतर बुरशी धरतं, एखादं भिंतीवरून खालीच येतं, आणि मग घरातली मंडळी म्हणतात की भंगारातून शेवटी भंगारच होणार. हे मला अजिबात पटत नाही. वस्तू कशाची बनलीय आणि ती काय सोसते हे न बघता काम सुरू केलं की असं होतं, एवढंच.

सगळ्यात पहिली चूक सोनेरी स्प्रेची. बाटली असो, टायर असो नाहीतर जुना नळ, सगळ्यावर एकच रंग मारून टाकतात आणि मग ती वस्तू काय होती हेच कळत नाही. अहो, गंमत तर तिथेच असते! पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसते, दोन्ही एकाच वेळी. रंग मारून सीट लपवलं असतं तर नुसता एक साधा बैल उरला असता. म्हणून रंगाचा डबा उघडायच्या आधी ती वस्तू कुणाला तरी दाखवा. ओळखली आणि तरी नवल वाटलं तर रंगाची गरज नाही.

तसंच वस्तूचा मूळ गुण वाया घालवू नका. इटलीच्या कास्तिल्योनी भावांनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरचं सीट उचलून त्याचं स्टूल केलं, कारण ते सीट बसायला आधीच उत्तम होतं, आणि खाली वाकवलेली पोलादी पट्टी दिली त्यामुळे ते स्प्रिंगसारखं दबतंही. चहाची गाळणी घेतली तर तिच्यातून उजेड कसा गळतो ते बघा, उगाच तिची फुलदाणी कशाला?

दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच कामात दहा प्रकार कोंबणं. शिंपले पण, सीडी पण, बटणं पण, वर काथ्या पण. नजर ठरतच नाही कुठे. साळगावात आपले गोव्याचे कलाकार सुबोध केरकर यांनी लाखाहून जास्त प्लास्टिक बाटल्यांची फुलं करून गालिचा मांडला होता, वस्तू एकच, तीच परत परत. रोडी ग्राउमान्स या डच डिझायनरचं १९९३ चं झुंबर आहे, त्यात ८५ बल्ब, त्यांच्या वायरी आणि होल्डर, बाकी काही म्हणजे काहीच नाही. आता कुणी म्हणेल की आपल्या चवथीच्या माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीत, तर रानातले कितीतरी प्रकार असतात, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, सगळं एकत्र. बरोबर, पण माटोळीची चौकट एक असते आणि बांधायची रीतही एक, त्यामुळे ती विस्कटत नाही. प्रकार जास्त हवेच असतील तर निदान तेवढं तरी पाळा.

आता झाकणांकडे येऊ, कारण गोव्यात बाटल्यांना तोटा नाही आणि सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. एल अनात्सुई हे घानाचे कलाकार दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तांब्याच्या तारेने विणून भिंतभर मोठे पडदे करतात, ते फोटो बघून लोक बियरची बुचं गोळा करतात. इथेच फसतं. चुंबक लावून बघा. बियरचं बूच चुंबकाला चिकटतं, कारण ते पोलादी पत्र्याचं असतं, वर पातळ लेप असतो आणि तुम्ही खिळ्याने भोक पाडलं की नेमका तिथला लेप जातो, मग खाऱ्या हवेत त्या भोकाभोवती तांबूस कडं उठतं आणि पावसाळ्यात त्याचे ओघळ भिंतीवर उतरतात. म्हणून फिरकीची ॲल्युमिनियमची झाकणं वेगळी काढा. तार मात्र तांब्याची नको, निदान व्हरांड्यात लावणार असाल तर नकोच, कारण दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. ॲल्युमिनियमची तार किंवा मासेमारीचा नायलॉन दोरा वापरा. बियरचीच बुचं हवी असतील तर आधी भोकं पाडा आणि लॅकर नंतर मारा, भोकाच्या कडेलाही ब्रश फिरला पाहिजे. आधीच गंजली असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवा, घासा, धुऊन पूर्ण वाळवा, मग लॅकर.

गोंदाचं थोडक्यात सांगते. पांढरा गोंद लाकूड, कागद, कापड यांच्यासाठी, काचेला आणि धातूला तो धरत नाही आणि ओलाव्याने परत मऊ पडतो. काच-धातूला दोन ट्यूबवाला इपॉक्सी लावा, आधी पॉलिश पेपरने खरबरीत करून. आणि बादली, मग, बाटलीची प्लास्टिक झाकणं यांना साधा कुठलाच गोंद नीट धरत नाही, तिथे भोक पाडून बांधा किंवा रिव्हेट मारा. बांधण्यात कमीपणा नाही, तेयो रेमी या डच डिझायनरने १९९१ मध्ये जुने ड्रॉवर एका पट्ट्याने बांधून अख्खं कपाट केलं.

करवंटीचा दिवा सगळेच करतात आणि आतून पांढरी बुरशी सगळ्यांच्याच येते. कारण आत खोबऱ्याचा पापुद्रा राहतो. सुरीने खरवडा, उन्हात वाळवा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आत बोट फिरवलं की गुळगुळीत लागलं पाहिजे. बल्ब ३ ते ५ वॅटचा एलईडीच, जुना पिवळा बल्ब नको, आणि उष्णता जायला वर भोक ठेवा. स्टीलच्या कळशीचा किंवा पितळी तांब्याचा लॅम्प करत असाल तर वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, यात काटकसर नको.

शिंपल्यांसाठी किनारा पालथा घालू नका. प्रवाळ आणि काही जातींच्या शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपा घ्या ना, घरात ढीग पडतो. उकळून साफ करा आणि गोड्या पाण्यात काही दिवस ठेवा, रोज पाणी बदला, नाहीतर आतलं मीठ ओलावा ओढतं आणि गोंद सुटतो. इथे व्हिनेगर चुकूनही नको, शिंप विरघळायला लागते.

शेवटी टांगणं. आपल्या चिऱ्याच्या भिंती सच्छिद्र आणि मऊ, त्यात छोटी प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू मारला की आठवड्यात हलायला लागतो. लांब अँकर घ्या आणि ड्रिल हॅमर मोडवर चालवू नका, चिरा फुटतो. काम जड असेल आणि घर जुनं असेल तर सरळ छपराच्या वाशाला दोन ठिकाणी लटकवा, पण वाशाला वाळवी नाही ना ते आधी टोकदार काहीतरी टोचून बघा.