डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम अडकलाय? आधी तो कुठल्या टेबलावर बसलाय ते शोधा

कुणी माजी सैनिक भेटला आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे सर्व्हिसमधल्या इजा-आजाराबद्दल मिळणाऱ्या पेन्शनचा, विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "दोन वर्षं झाली, काहीच होत नाही." मी पण असंच म्हणायचो. सगळी नोकरी क्लार्क म्हणून झाली, जन्मभर दुसऱ्यांचे कागद पुढं सरकवले आणि माझा स्वतःचा गुडघ्याचा क्लेम चौदा महिने कुठं होता तेच मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की इंज्युरी रिपोर्टवर सही होती, शिक्का होता, पण जवान ड्युटीवर होता का नव्हता तो रकाना कोराच राहिलेला, आणि त्या एका रकान्यासाठी फाईल ट्रेमध्ये पडून. त्याबद्दल मला पत्र पाठवलं होतं म्हणे, गेलं कुठं तर शेवटच्या युनिटच्या पत्त्यावर.

म्हणून पहिलं सांगतो, "क्लेम पेंडिंग आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. तो कुठल्यातरी एका टेबलावर एखाद्या कागदासाठी थांबलेला असतो. ते टेबल सापडेपर्यंत मंत्र्यांना पत्र, पंतप्रधानांना पत्र, सगळीकडं एकच तक्रार असं करत बसू नका, ती सगळी पत्रं फिरून त्याच टेबलावर येतात आणि फाईल अजून जाड होते.

टेबलं तशी थोडीच आहेत. ऑफिसर सोडून बाकी सगळ्यांचा, म्हणजे जवान, एनसीओ, जेसीओंचा क्लेम आपल्या रेकॉर्ड ऑफिसात सुरू होतो, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचा बेळगावला, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला. नेव्हीवाल्यांचं ब्युरो ऑफ सेलर्स, एअरफोर्सचं वेगळं रेकॉर्ड ऑफिस. तिथं मंजूर झाला की आर्मीवाल्यांचा प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनकडं, म्हणजे पेन्शनचा हिशोब बघणाऱ्या ऑफिसकडं जातो, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम निघतो आणि तो स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. नामंजूर झाला तर अपील कमिटी. बहुतेक वेळ पहिल्या टेबलावरच जातो, आणि लोक मात्र बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडतात, ज्याचा यात काडीचा संबंध नाही.

टेबल शोधायचं हत्यार म्हणजे आरटीआय. दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर, अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे, उत्तर ३० दिवसात यायला पाहिजे, नाही आलं तर त्याच ऑफिसात वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. इथं लोक चूक करतात ती म्हणजे "माझा क्लेम का मंजूर होत नाही" असं विचारतात. 'का' विचारलं की गोल गोल उत्तर येतं, कागद मागा. मी लोकांना साधारण असं लिहून देतो: "माझ्या डिसॅबिलिटी पेन्शन क्लेमवर आजपर्यंत झालेल्या कारवाईचा तारीखवार तपशील, फाईल सध्या ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचा हुद्दा, आणि माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची सर्टिफाईड प्रत मिळावी." बस, एवढंच. (रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे नोकरी सोडताना होणारी डॉक्टरी तपासणी.) वर नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख, हल्लीचा पत्ता आणि मोबाईल. हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहा, बेळगावच्या ऑफिसात मराठी समजणारा शंभर टक्के बसला असेल पण अर्ज परत पाठवायला कारण कशाला द्यायचं. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा कारण ती शाई सहा महिन्यात उडते.

बोर्डाचे कागद हातात आले की दोन गोष्टी बघा. एक म्हणजे टक्के, २० किंवा जास्त आहेत का. दुसरी म्हणजे तुमचा आजार किंवा इजा सर्व्हिसमुळं झाली किंवा सर्व्हिसमुळं वाढली असं लिहिलंय का. 'झाली' आणि 'वाढली' या दोन्हीला 'नाही' असेल तर इंग्रजीत चार अक्षरं येतात, एन ए एन ए. आम्ही त्याला सरळ नाना म्हणतो. "तुझं काय झालं रे?" "नाना आले." हसण्यावारी नेतो पण निम्मी भांडणं या नानांमुळंच आहेत, आणि ते तिथं बसले की टक्के ४० असले तरी हातात शून्य.

पण नाना आले म्हणजे संपलं असं नाही, नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यात पहिलं अपील करता येतं, ते फेटाळलं तर दुसरं, त्यालाही सहा महिने. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आता अपिलात काय लिहायचं, तर "मी सतरा वर्षं देशाची इमानदारीनं सेवा केली" हे नको, ते खरंच आहे पण कमिटीला त्याचा उपयोग नाही. पोस्टिंगचा तक्ता करा, कुठलं वर्ष, कुठली जागा, फील्ड होतं का हाय अल्टिट्यूड होतं, आणि त्याच्यासमोर पहिल्यांदा सिक रिपोर्ट कधी केला, कुठल्या हॉस्पिटलात ॲडमिट झालो, मेडिकल कॅटेगरी कधी खाली आली. बीपीसारख्या आजारात तो नेमका कुठल्या पोस्टिंगला सुरू झाला याला फार वजन असतं. माझ्या ओळखीतल्या एका नाईक साहेबांच्या बोर्डात आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला, सुरू झाला असं लिहिलेलं, आणि त्यांच्या जुन्या ॲडमिशन स्लिपवर तारीख निघाली ग्लेशियरवरून उतरल्याच्या तिसऱ्या आठवड्यातली. ती स्लिप बायकोनं लग्नाच्या अल्बममध्ये ठेवलेली. ट्रंक, अल्बम, देवघराचा खण, सगळं शोधा.

कोर्टाचे निकाल पण जोडा, पण वाचून. २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. २०१४ च्या सुखविंदर सिंग केसमध्ये असं की मेडिकल ग्राउंडवर घरी पाठवलं असेल तर डिसॅबिलिटी २० टक्क्यांच्या वर आहे असं मानायचं. मात्र एक लक्षात घ्या, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, आलेत, त्यानंतर रिटायर झालेल्यानं शेजारच्या काकांचं २०१५ चं अपील नाव बदलून पाठवलं तर फसगत होईल, हे मी दोनदा बघितलंय.

अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तर गप्प बसून वाट बघायची नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे सैनिकांच्या केसेसचं वेगळं कोर्ट, त्याच्या कायद्यात सोय आहे की सहा महिन्यात निर्णय झाला नाही तर तुम्ही खालचे सगळे मार्ग वापरून झाले असं धरतात आणि पुढच्या सहा महिन्यात ट्रिब्युनलला जाता येतं. आपल्याला मुंबईचं बेंच आहे. उशीर झाला असेल तरी माफीचा अर्ज करता येतो, पण उशिराची किंमत आहे, तरसेम सिंगच्या २००८ च्या निकालापासून थकबाकी साधारणपणे केस टाकायच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे दहा वर्षं "होईल होईल" करत बसलात तर सात वर्षांचे पैसे गेले. वकील म्हणाला निकालावर एवढे टक्के द्या तर उठून या, टक्केवारीवर फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. डिसॅबिलिटी असलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मागता येतो, आणि कागद नीट लावून घ्यायला आपलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच, तिथं सकाळी लवकर जा, जेवणानंतर नको.

ट्रिब्युनलचा निकाल बाजूनं लागला की लोक पेढे वाटतात. थोडं थांबा, निकालात अंमलबजावणीची मुदत दिलेली असते, बऱ्याचदा तीन-चार महिने, आणि सरकार तेवढ्यात वरच्या कोर्टात जाऊ शकतं. मुदत संपली आणि हालचाल नाही तर त्याच ट्रिब्युनलात अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा, नवी केस नाही.

आणि पीपीओ आला की तो फ्रेम करायच्या आधी कॅल्क्युलेटर घ्या. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब, म्हणजे पगार ४०,००० धरला तर १२,०००, आणि २० टक्क्यांना २,४००. पण राऊंडिंग लागू असेल तर ५० च्या खालचे ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, त्याच्या वरचे १००. म्हणजे २,४०० चे थेट ६,००० होतात, वर महागाई रिलीफ वेगळा. राऊंडिंग फक्त मेडिकल ग्राउंडवर बाहेर पडलेल्यांना असं सांगून बरीच वर्षं बाकीच्यांना परत पाठवायचे, ते १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं मिटलं. तरी पीपीओत नुसते २० टक्के छापून आलेले मी अजून बघतो. तसं दिसलं तर स्पर्शवर तक्रार टाका, तिचा नंबर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रात लिहा, निकालाची प्रत जोडा, आणि पाकिटावर ह्या वेळेला पिनकोडसकट हल्लीचा पत्ता टाका.