बेळगाव, बेळगांव, बेळगावी: एका चांदणीने फायली कशा हुडकाव्यात

घरातले उतारे, पावत्या, दाखले स्कॅन केले की ज्याने नाव टाइप केलं त्याचं शुद्धलेखन फायलीला चिकटतं. आमच्या खानापूरच्या लॅपटॉपवर तात्या 'बेळगांव' लिहायचे, मी 'बेळगाव' लिहितो, आणि 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बदलल्यापासून भाचा 'बेळगावी' लिहितो. असल्या फायली माऊसने एकेक ओढत बसण्यापेक्षा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बरी.

खालचं सगळं उबुंटूवरचं (लिनक्सचा एक प्रकार) आहे. आज्ञांचा उच्चार देवनागरीत देतोय. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. फायलींची नावं मात्र मराठीतच.

1. पीडब्ल्यूडी: आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते कळतं. रस्तेवाल्या खात्याशी याचा संबंध नाही.

2. सीपी -आर स्कॅन स्कॅन-जुने: हात लावण्याआधी अख्ख्या फोल्डरची नक्कल. मी एकदा ही पायरी गाळली, ते शेवटी सांगतो.

3. सीडी स्कॅन, मग एलएस: आत शिरायचं आणि यादी बघायची. काना-मात्रा कधीकधी विस्कटलेल्या दिसतात; घाबरू नका, नाव आत शाबूत असतं. फार लांब नाव मात्र ठेवू नका. नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्राही वेगळी धरून. म्हणजे 'बेळगाव'चेच 18 झाले.

4. एमकेडीआयआर -पी कागद/शहर: फोल्डर आणि त्याच्या पोटात दुसरं फोल्डर, एका दमात.

5. आता चांदणी (*). चांदणी म्हणजे 'इथं काहीही चालेल, काही नसलं तरी चालेल'. आधी नुसतं बघा:

एलएस बेळगाव*

यात 'बेळगाव' आणि 'बेळगावी' येतात, तात्यांचं 'बेळगांव' सुटतं, कारण 'व'च्या आधी अनुस्वार आहे. मग मी हात सैल सोडला आणि 'बेळ*' लिहिलं, तर बेळगुंदी आणि बेळवट्टीचे उतारेही रांगेत येऊन उभे राहिले! शेवटी जमलं ते असं:

एलएस बेळगा*व*

तिन्ही आले, बाकीचे बाहेर. यादी बरोबर दिसली की बाणाची वरची कळ दाबा, तीच ओळ परत येते. सुरुवातीचं एलएस खोडून एमव्ही -आय करा (एमव्ही म्हणजे फायली हलवणे), शेवटी ठिकाण जोडा:

एमव्ही -आय बेळगा*व* कागद/शहर/

'-आय'मुळे त्याच नावाची फाईल तिथं आधीपासून असेल तर ते विचारतं. नाहीतर गुपचूप जुनीवर नवी बसते.

6. आरएम: पुसणे. याला कचरापेटी नाही, गेलं ते गेलं. दुबार स्कॅन काढताना मला 'आरएम दुबार*' लिहायचं होतं. बोटाने मध्ये एक जागा सोडली: 'आरएम दुबार *'. त्याचा अर्थ 'दुबार' नावाची फाईल पूस, शिवाय इथलं सगळं पूस. 'दुबार' नावाची फाईल नाही अशी एक ओळ आणि 'कागद' हे फोल्डर आहे अशी दुसरी, एवढीच तक्रार आली. 'कागद' फोल्डर वाचलं, कारण '-आर' दिल्याशिवाय आरएम फोल्डरला हात लावत नाही. बाहेर राहिलेले बेळगुंदीचे उतारे मात्र गेले, कारण त्या खेपेला नक्कल केलीच नव्हती. आता मी '-आय' देतो, तीही कॅपिटल. तीनपेक्षा जास्त फायली असल्या की एकदा थांबून विचारते. उतारे परत स्कॅन करण्यात दोन रविवार गेले, आणि या खेपेला नावं भाच्याने टाइप केली.