साखर नोंदवायचं ॲप तपासताना
मधुमेहाची साखर नोंदवणारं ॲप टीममधल्या तरुण मंडळींच्या हाती देऊन तपासून भागत नाही. रोज बोटाला सुई टोचून घेणारी चार-पाच माणसं बसवा. त्यात चाळिशीचा चष्मा लागलेलं कुणीतरी हवंच. 'आत्ताचं रीडिंग भरा' एवढंच सांगा आणि गप्प बसा. मदतीचा मोह आवरणं खरंच अवघड जातं, पण आवरा. अंगठा कुठे अडखळतो, 'जेवणाआधी' की 'जेवणानंतर' हे निवडताना नजर कुठे भिरभिरते, तेवढं टिपून घ्या.

रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे धूसर होतं. तेव्हा बारीक बटणं काय कामाची? म्हणून एका हाताने, चष्मा काढून नोंद करायला सांगा. (कुणाची साखर खरोखरच उतरली तर चाचणी तिथेच थांबवून आधी गोड द्या.) मुद्दाम १२० ऐवजी १२०० टाकायला लावा, ॲपने ते निमूट स्वीकारलं तर ती गंभीर चूक धरा. साखर दोन एककांत मोजतात, ॲप त्यांत गल्लत करत नाही ना, तेही बघा: लिटरमागे ५.५ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम. हा घोळ थेट इन्सुलिनच्या डोसपर्यंत पोचतो.