स्पॅनिशचा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह: 'रोन' काढा, 'रा' लावा

'तू डॉक्टरांशी बोलावंस असं मला वाटतं.' 'तू डॉक्टरांशी बोलावंस असं मला वाटत होतं.' दोन्ही वाक्यांत 'बोलावंस' जागचं हललेलं नाही. स्पॅनिशमध्ये ते हलतं: पहिल्यात 'आब्लेस', दुसऱ्यात 'आब्लारास'. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्यालाही सोबत न्यावं लागतं. हे 'आब्लारास' म्हणजे इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, इच्छा-कल्पना सांगणाऱ्या रूपाचा (सबजंक्टिव्हचा) भूतकाळ. मराठी माणूस अडतो तो इथे. रूप बनवणं त्यामानाने फारच सोपं आहे.

आधी क्रियापदाचं साध्या भूतकाळातलं, म्हणजे प्रीटेरिटमधलं, 'ते'चं रूप घ्या. आब्लार (बोलणे) याचं आब्लारोन, कोमेर (खाणे) याचं कोम्येरोन, बिबीर (राहणे) याचं बिब्येरोन. नाव 'इम्परफेक्ट' असल्यामुळे बरेचजण 'आब्लाबान' (ते बोलत होते) या इम्परफेक्ट रूपापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी चुकते. पाया प्रीटेरिटचाच.

मग शेवटचं 'रोन' काढून टाका. उरलं आब्ला, कोम्ये, बिब्ये.

आता त्याला प्रत्यय लावा: मी – रा, तू – रास, तो/ती – रा, आम्ही – रामोस, तुम्ही – राइस, ते – रान. म्हणजे आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान. आर, एर, ईर या शेवटांच्या तिन्ही गटांना प्रत्यय हेच. 'राइस'वालं रूप स्पेनमधलं. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'साठीसुद्धा 'रान'च चालतं.

आघात सांभाळा. 'आब्लारा'मध्ये जोर 'ब्ला'वर आहे. तोच शेवटच्या 'रा'वर दिलात तर अर्थ होतो 'तो बोलेल'. 'आम्ही'च्या रूपात जोर 'ब्ला'वरच टिकावा म्हणून लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. 'कोम्येरामोस'मध्ये ती 'ये'मधल्या ए-वर येते. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक या रेघेपायी.

पुस्तकात 'आब्लासे, आब्लासेस, आब्लासे' अशीही रूपं दिसतील. बहुतेक ठिकाणी अर्थ तोच. वाचताना ओळखता आली की पुरे, बोलताना 'रा'च धरा. लॅटिन अमेरिकेत तर जवळजवळ सगळे तेच वापरतात.

आता वाक्यात बसवू. 'केरीआ के आब्लारास कोन एल मेदिको', हे झालं वरचं दुसरं वाक्य. 'असतं तर' छापाची वाक्यंही याच रूपाची: 'सी बिब्येरा एन माद्रिद, आब्लारीआ मेखोर', मी माद्रिदला राहत असते तर अधिक चांगलं बोलले असते. मराठीत दोन्हीकडे 'असते' येतं, म्हणून आपला हात आपोआप 'सी'नंतरही (सी म्हणजे 'जर') 'आब्लारीआ'तल्या 'रीआ'कडे जातो. तो आवरा. (स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशात आणि आसपास, लोक सर्रास असं बोलतात, पण प्रमाण भाषेत ती चूकच.) 'कोमो सी', म्हणजे 'जणू काही', याच्यानंतर मुख्य क्रियापद वर्तमानात असलं तरी हेच रूप: 'कोमे कोमो सी नो कोम्येरा एन कासा', घरी जेवतच नसल्यासारखा खातोय!

अनियमित क्रियापदांची धास्ती इथे नको. तेनेरचं (जवळ असणे) 'तुब्येरोन' पाठ असेल तर 'तुब्येरा' हाताशीच आहे. देसीरच्या (सांगणे) 'दिखेरोन'चं 'दिखेरा'. या रीतीला अपवाद नाही, त्यामुळे खरी मेहनत प्रीटेरिट पक्का करण्यात आहे.

यातलं एक रूप तुम्ही स्पेनमध्ये पहिल्याच दिवशी वापराल: केरेरचं (हवं असणे) 'किस्येरा'. 'किस्येरा उन काफे' म्हणजे, आपण काउंटरवर नम्रपणे म्हणतो तसं, 'मला एक कॉफी हवी होती.'