गच्चीवरचं पाऊस-रडार, ठाण्याच्या जुलैत टिकेल असं

आधी एक गैरसमज काढून टाकू. येऊरच्या डोंगरावरून सरकत येणारा ढग या रडारला दिसत नाही. त्यासाठी कुलाबा आणि वेरावलीला हवामान खात्याची मोठी रडार आहेत. हे यंत्र आपल्या डोक्यावरच्या काही मीटरांतले थेंब टिपतं आणि त्यावरून दर मिनिटाचा पाऊस काढतं. घोडबंदरला कोरडं आणि नौपाड्यात धो धो, अशा दिवशी ते कामाला येतं.

मुख्य भाग म्हणजे 24 गिगाहर्ट्झचं सीडीएम324 डॉप्लर मॉड्यूल (परत आलेल्या लहरीवरून हलत्या वस्तूचा वेग ओळखणारं). 5 व्होल्टवर साधारण 30 मिलिअँपिअर खातं. थेंबाचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर 160 हर्ट्झचा सिग्नल मिळतो. 1 मिमीचा थेंब सेकंदाला 4 मीटरने पडतो, 5 मिमीचा 9 मीटरने. म्हणजे आपलं काम साधारण 600 ते 1450 हर्ट्झमध्ये. सिग्नल अगदी बारीक असतो, तो किमान हजारपट वाढवा आणि 300 ते 2000 हर्ट्झच ठेवा. खालचं कापलं की ट्यूबलाइटचे 100 हर्ट्झ आणि फडफडणारी ताडपत्री, दोन्ही जातात. एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा मात्र जात नाही, त्याच्यापासून लांब बसवा. पुढे ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर सेकंदाला 8000 नमुने घेऊन या पट्ट्यातली एकूण शक्ती मोजेल.

बहुतेकांचं फसतं ते पेटीत. झाकणावर पाण्याचा थर साचला की रडार जवळपास आंधळं होतं आणि नेमक्या मोठ्या सरीत पाऊस कमी दाखवतं. झाकण 4 मिमी जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनचं घ्या (प्लॅस्टिकमधल्या लहरीच्या अर्ध्या लांबीइतकं), मॉड्यूल त्याच्या 6 मिमी खाली ठेवा आणि अख्खी पेटी 30 अंश कलती करा. कल कुठे? पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून कल वाऱ्याला आडवा, वायव्येकडे. ईशान्येकडे कलवलीत तर वाऱ्याने लोटलेले बारीक थेंब रडारला संथ भासतात आणि फिल्टरमध्येच गळतात. वायर खालून आत घ्या, ग्लँड (वायरभोवती बसणारं, पाणी अडवणारं बूच) घट्ट आवळा. खाडीच्या दमट हवेत कनेक्टर हिरवे पडतात, म्हणून आत सिलिका जेल ठेवा.

विजेचा हिशेब मे महिन्यावर करू नका. सगळं मिळून 0.6 वॉट धरलं तर दिवसाला सुमारे 14 वॉट-तास लागतात. काळ्याकुट्ट दिवशी 20 वॉटचं पॅनल तेवढंही देईल याचा भरवसा नाही. 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅनलशिवाय आठवडाभर रेटते. पॅनल दक्षिणेला 20 अंश कलवायची सवय इथे सोडा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. पाणी वाहून जाण्यापुरता 10 अंश कल बास.

आता मिलिमीटर. रडार नुसती शक्ती सांगतं, पाऊस नाही. शेजारी 200 मिमी तोंडाचा, 0.2 मिमीला एकदा कलंडणारा पर्जन्यमापक ठेवा. त्यात 314 मिली पाणी पंधरा मिनिटांत हळूहळू ओता: 50 वेळा कलंडायला हवा. मग महिनाभराच्या सरींतून शक्ती आणि पाऊस यांची लॉग-लॉग (दोन्हींचे लॉगरिदम घेऊन काढलेली) रेषा बसवा. फक्त तुफान सरीतले आकडे वगळा, कारण कलंडता कलंडता येणारं पाणी मापकाच्या हिशेबातून सुटतं.