घरच्या गॅरेजमधील मोटारसायकलचा बंदोबस्त

बंगल्याला किंवा रो-हाउसला स्वतंत्र गॅरेज असले, की गाडी आत ढकलून शटर ओढले म्हणजे काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बंद गॅरेज चोराच्याही सोयीचे असते, कारण एकदा आत शिरल्यावर तो रस्त्यावरून कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे दाराचा आणि गाडीचा बंदोबस्त वेगवेगळा करावा.

बातम्यांमध्ये वारंवार येणारे ‘शटर उचकटून’ हे शब्द शब्दशः खरे असतात. एकाच कुलपाने बंद केलेल्या शटरची खालची पट्टी पहारीने एका कोपऱ्यातून वर वाकवता येते. म्हणून दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, कुलपांची सोय करून घ्यावी. घरातून गॅरेजमध्ये येण्यासाठी दार असेल तर शटर आतूनच बंद करावे, म्हणजे बाहेरून तोडायला कुलूपच उरत नाही. मात्र मग त्या आतल्या दाराचा कडी-कोयंडाही तितकाच भक्कम हवा. खिडकीला गज आणि धूसर काच असावी. पहार, हातोडा, ग्राइंडर ही हत्यारे गॅरेजमध्येच उघडी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत चोराला फार सोयीची आहे, ती बंद करावी.

आता गाडीकडे वळू. हँडल लॉक जोराच्या झटक्याने तुटू शकते. डिस्क लॉकमुळे चाक फिरत नाही, पण गाडी उचलता येते, आणि वजनावर विसंबण्यातही अर्थ नाही: रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची असली तरी तीन-चार माणसे ती टेम्पोत चढवू शकतात. म्हणून गाडी इमारतीच्याच एखाद्या न हलणाऱ्या भागाला साखळीने बांधणे हा साऱ्या व्यवस्थेचा कणा होय.

त्यासाठी जमिनीत पोलादी कडी बसवावी. फरशीखाली पुरेशा जाडीचे सलग काँक्रीट असेल तर अँकर बोल्टने बसवायची तयार कडी चालते, परंतु बोल्ट फरशीत नव्हे, काँक्रीटमध्ये खोलवर गेले पाहिजेत आणि त्यांची डोकी पान्याने खोलता येणार नाहीत अशी असावीत. फरशीखाली नुसता मुरूम असेल तर साधारण दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घेऊन, खालची टोके बाहेर वळवलेली जाड सळईची कडी त्यात काँक्रीटने पक्की करावी, आणि काँक्रीटवर पाणी मारत राहून ते पुरते पक्के होईपर्यंत कडीला ताण देऊ नये. विटांच्या भिंतीत कडी बसवणे टाळावे, कारण विटेसकट बोल्ट निघून येतो.

साखळी कठीण केलेल्या पोलादाची, शक्यतो १६ मिलिमीटर जाड कड्यांची घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानातील साधी बारीक साखळी हातातल्या बोल्ट कटरनेही तुटते. जाड साखळी बरोबर बाळगायला जड असते, पण घरी ती कडीपाशीच राहणार असल्याने ही अडचण येत नाही. पुढचे चाक सुटे करता येते, त्यामुळे साखळी गाडीच्या सांगाड्यातून, आणि तिथे जागा नसेल तर मागच्या चाकातून ओवावी. ती जमिनीवर लोळू देऊ नये, कारण कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. कुलपाचा दांडा बाहेर शक्य तितका कमी दिसावा. ग्राइंडरने यातले काहीही कापले जाते, हे खरे. परंतु त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो, म्हणून शटर हलताच वाजणारा अलार्म याच व्यवस्थेला जोडावा.

गाडीचे तोंड भिंतीकडे ठेवावे आणि घरी मोटारही (कार) असेल तर ती मोटारसायकलच्या वाटेत आडवी लावावी. जीपीएस ट्रॅकर उपयोगी आहे, मात्र गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीवर लक्ष ठेवावे लागते.

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी ध्यानात ठेवावे. दाव्याच्या वेळी विमा कंपन्या पोलिसांतील एफआयआरबरोबर गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. म्हणून दुसरी किल्ली गॅरेजच्या खिळ्याला न अडकवता आरसीच्या प्रतीसह आणि चासी व इंजिन क्रमांकाच्या छायाचित्रांसह घरातील कपाटात ठेवावी.