बाळंतविडा नेताना: बाळाला आणि बाळंतिणीला खरोखर उपयोगी पडेल अशी भेट कशी निवडावी

माझं पहिलं बाळंतपण ऐन आषाढात झालं. बारशानंतर कपाटाचा एक खण झबली-फ्रॉकांनी गच्च भरला. सगळी अगदी नवजात मापाची, त्यातली निम्मी अंगाला न लागताच लहान झाली. आणि त्याच घरात, त्याच आठवड्यात, रात्री तीन वाजता बाळाला बदलायला एकही कोरडा लंगोट नव्हता. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, पंखा जोरात, तरी सगळं दमट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी आपल्या जुन्या सुती साड्या फाडून, उकळत्या पाण्यात धुऊन, इस्त्री करून लंगोट आणि दुपटी केली होती. पिशवी हातात घेतली तेव्हा आतल्या घड्या कोमट लागल्या. चकचकीत कागद नाही, फीत नाही. आज इतक्या वर्षांनी मला कोणी काय दिलं ते फारसं आठवत नाही, ती कोमट पिशवी मात्र आठवते.

आपल्याकडे या भेटीला बाळंतविडा म्हणतात. नाव बाळंतिणीचं आहे, आणि पूर्वी त्यात बाळाच्या झबल्या-टोपड्यांबरोबर तिचं लुगडं-खण, तिच्या खाण्यापिण्याचं सामानही असायचं. हल्ली पिशवीत सगळं बाळाचंच असतं आणि जिच्या अंगाची झीज झाली तिच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की खरेदीला निघताना आधी तिचा विचार करा, मग बाळाचा.

१. आधी घरच्यांना विचारा

बाळंतिणीला “काय आणू?” असं विचारलं की ती “काही नको, तुम्ही नुसत्या या” असंच म्हणणार. तिच्या आईला, बहिणीला किंवा नवऱ्याला फोन करा, आणि तोही नेमका. लंगोट पुरतायत का? रात्री तिच्यासोबत कोण झोपतं? स्वयंपाक कोण करतं? सिझेरियन झालंय का? माहेरी आहे की सासरी, आणि किती दिवस? घरात मोठं भावंड आहे का? या पाच-सहा प्रश्नांच्या उत्तरांतच भेट सापडते. सिझेरियन झालेल्या बाईला वाकणं, जड उचलणं जमत नाही. तिला पलंगाशेजारी हाताच्या उंचीवर ठेवता येईल अशी कप्प्यांची टोपली मिळाली, तर लंगोट, दुपटी, औषधं सगळं बसल्या जागी हाताशी येतं.

२. कधी न्यायचं ते ठरवा

दवाखान्यात मोठं काही नेऊ नका. तिथे ठेवायला जागा नसते आणि घरी जाताना तेवढंच ओझं होतं. उग्र वासाची फुलं तर नकोच. पहिल्या आठवड्यात डबा हीच सगळ्यांत चांगली भेट. बारशाला वस्तूंचा ढीग पडतो, त्यात आणखी एक घालण्यापेक्षा थोडं थांबलेलं बरं.

खरी गरज सव्वा महिन्यानंतर लागते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पाहुणे ओसरलेले असतात, न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई बंद झालेल्या असतात, नवरा कामावर गेलेला असतो, ती सासरी परतलेली असते आणि बाळाचं रात्रीचं जागणं तसंच चालू असतं. तेव्हा कोणी काही घेऊन आलं तर तिला फार बरं वाटतं. नोकरी करणारी असेल तर आणखी एक वेळ लक्षात ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यात ती कामावर रुजू होते. तिला दूध काढून ठेवायचं असेल तर चांगला पंप त्या सुमारास लागतो. तो मात्र तिला विचारूनच घ्या, कारण प्रत्येकीला तो सोसत नाही.

३. बाळंतिणीसाठी

नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पितं. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी दिवसाचे चार ते सहा तास ती एका जागी, एक हात अडकलेला, अशी बसून असते. भेट शोधताना हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

पाजायला बसलं की घशाला कोरड पडते, आणि पाण्याचा तांब्या नेमका हात पोचणार नाही तिथे असतो. म्हणून एका हाताने झाकण उघडेल अशी पाण्याची बाटली आणि रात्री गरम पाणी किंवा दूध राहील असा छोटा थर्मास द्या. पाठीला टेकायला आणि बाळाखाली घ्यायला घट्ट भरलेली उशी द्या, नाहीतर ती बाळाकडे वाकून बसते आणि महिन्याभरात पाठ धरते. पुढून उघडणारे दोन सुती गाऊन द्या, गडद रंगाचे किंवा छापील, म्हणजे दुधाचे डाग दिसत नाहीत. गाऊनला झिप असेल तर तिच्या आतून कापडाची पट्टी आहे ना, ते बघून घ्या, नाहीतर ती बाळाच्या गालाला टोचते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो, त्यामुळे मोठ्या आकाराचे पॅड आणि पोटाच्या टाक्यांवर काचणार नाहीत अशा उंच कमरेच्या सुती निकर फार कामाला येतात. बहीण, नणंद, जवळची मैत्रीण यांनी संकोच न करता हे द्यावं. दुसरं कोणी देणार नाही.

पैसे बऱ्यापैकी खर्च करायचे असतील, तर बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा पंधरा दिवसांचा मोबदला तुम्ही भरा. किंवा महिनाभर कपडे-भांड्यांना जादा वेळ येणाऱ्या बाईंचा पगार द्या. वस्तू म्हणून दाखवायला काही नसतं, पण त्या घरातला रोजचा एक तास मोकळा होतो.

४. खाणं

डिंकाचे लाडू सगळेच आणतात. एका घरात मी पाच डबे ओळीने ठेवलेले पाहिलेत. त्याऐवजी तयार पण कोरडं सामान न्या: निवडलेले अळीव, खारकेची पूड, डिंक, चांगला गूळ, सुकं खोबरं. ते टिकतं आणि घरचे लागेल तसं करतात. लाडूच न्यायचे असतील तर एक फरक लक्षात ठेवा. सुक्या खोबऱ्याचे डिंकाचे लाडू काही आठवडे राहतात. ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायला लागतात, म्हणून ते दहा-बाराच करा. भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं यांची मुखशुद्धी छोट्या बरणीत भरून दिली तर ती दिवसभर येता-जाता खाल्ली जाते.

डबा नेणार असाल तर तो घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढा न्या. एकट्या बाळंतिणीचा नेला तर बाकीच्यांसाठी चूल पेटवावीच लागते. गरम भाकरी, मेथी किंवा शेपूची भाजी, मुगाचं वरण, लसणाची चटणी एवढं पुष्कळ झालं. त्या घरात बाळंतिणीला काय चालतं, काय वर्ज्य असतं, ते आधी विचारा. तुम्हाला पटो न पटो, वाद घालायची ती वेळ नव्हे. आणि डबा परत न्यायची घाई करू नका.

५. बाळाचे कपडे: माप आणि महिना

नवजात मापाचं काही घेऊ नका, ते सगळे आणतात. सहा ते नऊ महिन्यांचं, नाहीतर वर्षाचं माप घ्या. घेताना बोटांवर महिने मोजा. जूनमध्ये जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होईल ते डिसेंबरात, म्हणजे त्याला सहा महिन्यांच्या मापाचा बिनबाह्यांचा झगा काय कामाचा? त्याला पूर्ण बाह्यांचा, पायमोजे जोडलेला सुती कपडा लागेल. डिसेंबरातल्या बाळाला त्याच मापात पातळ मलमलीचं झबलं लागेल. फिनलंडमध्ये सरकार मातांना बाळाच्या सामानाची पेटी देतं. ती १९३८ मध्ये आधी गरजू मातांसाठी सुरू झाली आणि १९४९ पासून सगळ्यांना मिळू लागली. तिच्यातले कपडेही वाढत्या मापांचे असतात.

दुकानात कपडा उलटा करा आणि आतली शिवण स्वतःच्या गालावरून फिरवा. खरखरली तर परत ठेवा. मानेमागचं लेबल, टिकल्या, जर, छातीवरची प्लॅस्टिकची चित्रं बाळाच्या अंगावर पुरळ आणतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी घ्यायचंच असेल तर समोर किंवा बाजूला बांधायचं झबलं घ्या, कारण मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यावरून कपडा घालताना नव्या आईचे हात थरथरतात. जरीची कुंची फोटोपुरती असते. मऊ सुती अस्तराची कुंची मात्र थंडीत रोज वापरली जाते, तीच द्या.

लंगोट दिवसाला दहा-बारा सहज लागतात आणि पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा लंगोट कधीच जास्त होत नाहीत. घरात स्वच्छ, जुन्या सुती साड्या असतील तर मीटरभर चौरस दुपटी करा. अनेक धुण्यांनी आलेला मऊपणा नव्या कापडाला येत नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी शिवून दिलीत तर ती मूल शाळेत जाईपर्यंत सोडत नाही.

छोट्या वस्तूंत बाळाचं नेलकटर, डिजिटल थर्मामीटर आणि घडीची मच्छरदाणी या तिन्ही गोष्टी लागतातच. महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यांत पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली, त्यातही त्या आहेत. तिच्याकडे ते किट आलं असेल तर या वस्तू पुन्हा नेऊ नका.

६. हे मात्र नेऊ नका

दुधाची पावडर आणि दुधाची बाटली नको. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात. कंपन्यांनी या वस्तूंची जाहिरात करू नये, फुकट नमुने वाटू नयेत, म्हणून आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे. कोणाला वरचं दूध द्यावं लागलंच, तर ते तिच्या डॉक्टरांनी सांगावं. पाहुण्याने नेलेली बाटली त्या बाईला न बोलता सांगते की तुझं दूध पुरत नाहीये, आणि नव्या आईला ती शंका आधीच छळत असते.

मध वर्षाच्या आत चाटवू नये, त्यातून बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. अंगाला लावायच्या पावडरचा भुरका श्वासात जातो. मोहरीची उशी प्रेमाने शिवलेली असते हे मला ठाऊक आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली उशी आणि शेजारी मऊ खेळणी श्वास अडकण्याच्या भीतीने डॉक्टर नको म्हणतात. चांदीचे वाळे द्या, पण एकेक घुंगरू ओढून पाहा. निघून आलं तर ते तोंडात जाणार.

बसवून फिरवायचा वॉकरही नको. कॅनडाने तो २००४ मध्ये विकायलाच बंदी घातली, इतकी मुलं त्यातून जिन्यावरून पडत होती. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल मागे उभं राहून स्वतःच्या पायांनी ढकलतं. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, कोणी मोठं माणूस जवळ असताना, तो छान.

७. पाकीट द्यायचं असेल तर

पाकीट बिनधास्त द्या. मुलगी असेल तर आई-वडिलांना सुकन्या समृद्धी खात्याची आठवण करा. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत टपाल कार्यालयात किंवा बँकेत हे खातं उघडता येतं आणि वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालतं. पाकिटावर “सुकन्या खात्यासाठी” एवढं लिहिलंत तर ते पैसे किराणात जात नाहीत.

८. भेट हातात देताना

कपडे आणि दुपटी आधी सौम्य साबणाने धुऊन, उन्हात वाळवून न्या. माप बदलायची शक्यता असेल तर न धुता बिलासकट द्या. घरात मोठं भावंड असेल तर दारातून आत गेल्यावर आधी त्याच्याकडे वळा. त्याच्यासाठी रंगपेटी, चेंडू, काहीही एक वेगळं, कागदात बांधून न्या आणि त्याच्या हाताने बाळाची पिशवी उघडू द्या. चार वर्षांच्या मुलासमोर येणारा प्रत्येक पाहुणा बाळाकडे धावतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते एकदा पाहिलं की माणूस हे विसरत नाही.

सर्दी-खोकला असेल तर जाणं पुढे ढकला. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका, आणि पापा तर घेऊच नका. बाळ झोपलं असेल तर उठवायला लावू नका. अर्ध्या तासात उठा. दोरीवरचे लंगोट वाळले असतील तर काढून घड्या करून ठेवा, आणि तुम्ही चहा घेतलेली कपबशी विसळून मग निघा.